स्टोअरमागची समाधी

सरकारी कचेरीत वस्तू आणायला तीन सह्या लागतात आणि टाकायला तेरा, म्हणून टाकायच्या भानगडीत कुणी पडत नाही. लातूरहून रेणापूरच्या रस्त्याला लागलं की डाव्या हाताला डाळवर्गीय पिकांची एक सरकारी प्रयोगशाळा आहे. तिथंही तेच. मुदत संपलेली रसायनं, फुटक्या काचा, बुडाशी गोठलेली आम्लं, सगळं वर्षानुवर्षं जिथल्या तिथं बसून होतं. अशा जागी संगमेश्वर अकरा वर्षं स्टोअरकीपर होता आणि त्याला आपल्या स्टोअरचा अभिमान होता. लाईट गेली असताना हात घातला तरी हवी ती बाटली हाताला लागते, असं तो म्हणायचा, आणि ते खोटं नव्हतं.

त्या वर्षी वरून पत्र आलं. प्रयोगशाळांनी जोडीजोडीनं आपला घातक कचरा शोधायचा, वेगळा करायचा आणि रीतसर विल्हेवाटीला पाठवायचा. लातूरची जोडी नांदेडच्या एका माती तपासणाऱ्या प्रयोगशाळेशी लागली. तिथं दामिनी मॅडम म्हणून रसायनाच्या शास्त्रज्ञ होत्या, पस्तिशीच्या, मोजकं बोलणाऱ्या. त्यांनी एकच अट घातली. आपलं स्टोअर आपण तपासायचं नाही. लातूरच्या माणसानं नांदेडचं बघायचं, नांदेडच्यानं लातूरचं. रोज रोज बघून माणसाला आपल्या घरातली जळमटं दिसेनाशी होतात, असं त्यांचं म्हणणं होतं. लातूरच्या साहेबांना हे फार पटलं, कारण त्यात साहेबांना स्वतःला काही करावं लागत नव्हतं.

आधी संगमेश्वर नांदेडला गेला. दोन दिवस राहिला आणि पहिल्याच दुपारी त्यानं चहाच्या शेगडीखालचा नायट्रिक आम्लाचा कॅन शोधून काढला. तिथल्या शिपायानं त्या कॅनवर सहा वर्षं साखरेचा डबा ठेवला होता. दामिनी मॅडमनी कपाळाला हात लावला. सगळे रोज तिथंच चहा पीत होते आणि तो कॅन कुणालाही दिसला नव्हता. संगमेश्वर मोठ्या खुशीत परत आला. निघायच्या आधी अर्धापूरला जाऊन त्यानं अक्षरासाठी केळी घेतली.

अक्षरा, त्याची बायको, सातव्या महिन्यात होती. याआधी दोनदा पोटातलं गेलं होतं, एकदा चौथ्यात, एकदा पाचव्यात. दुसऱ्या वेळी संगमेश्वर दवाखान्याच्या बाकावर बसून सगळ्यांदेखत रडला होता आणि त्याला त्याची लाजही वाटली नव्हती. आता तिसरी खेप. हे बाळ तेवढं हाती लागू दे, एवढं एकच मागणं त्या घरात सकाळ-संध्याकाळ चालू होतं. त्याची आई सिद्धम्मा उदगीरकडची, जुन्या वळणाची. पोटुशीच्या नवऱ्यानं केसदाढी काढू नये, नारळ फोडू नये, मढ्याला खांदा देऊ नये, हे तिनं पहिल्या दिवसापासून त्याच्याकडून पाळून घेतलं होतं. नवऱ्यानं पाळलेलं बाळाला लागतं, असं ती म्हणायची. त्याची दाढी छातीकडं निघाली होती. ऑफिसात त्याला महाराज म्हणून चिडवत. आधी तो हसायचा. अलीकडं अंगावर धावून जायचा.

शिवाय अंगारा होता. स्टोअरच्या मागं, कुंपणाच्या भिंतीला लागून, बाभळीखाली एक उभा दगड होता. त्यावर विभूतीचे तीन पट्टे ओढलेले. ती कुणा स्वामींची समाधी, आणि स्वामी आत बसल्या बैठकीला आहेत, असं सगळे मानत. लिंगायतांत माणसाला बसवूनच पुरतात, मिठात आणि विभूतीत, त्यामुळं यात कुणाला नवल वाटण्यासारखं नव्हतं. कोण स्वामी, कधीचे, हे विचारायचं मात्र कुणाला सुचलं नाही. प्रयोगशाळेतला जुना शिपाई मडिवाळप्पा दर सोमवारी त्या दगडाला विभूती लावायचा, एवढंच लोकांनी पाहिलं होतं. करोनाच्या दुसऱ्या लाटेत तो चार दिवसांत गेला. मग सफाई करणाऱ्या कावेरीबाईंनी तिथं दिवा लावायला सुरुवात केली, त्यांच्या नातीचा ताप उतरला, ते गल्लीभर झालं, आणि मागच्या भिंतीला एक माणूस आत येईल एवढं खिंडार पडलं. सोमवारी तीस-चाळीस माणसं यायला लागली.

दगडाच्या पायाशी एक भोक होतं. अंगारा त्यातून घ्यायचा. आधी लोक वरची माती घेत. ती संपली तशी बोटं आत गेली, मग मनगट, आता हात कोपरापर्यंत जायचा. आतला अंगारा करड्या रंगाचा आणि गार असायचा, भर उन्हातही गार. पुडी बांधून तळहातावर ठेवली की एवढीशी पुडी नको इतकी जड लागायची. उजेडात धरली तर आत बारीक बारीक चमकायचं. लोक त्याला स्वामींचं तेज म्हणत. आणखी एक गोष्ट होती. तिथं ठेवलेली खडीसाखर, पेढा, केळं, कशालाच मुंगी लागत नसे. तीन तीन दिवस नैवेद्य जसाच्या तसा राहायचा.

बाकीच्यांचा सोमवार, पण संगमेश्वर ऑफिसचाच माणूस. त्याचा अंगारा रोजचा, अक्षराला पोटात घ्यायला. अक्षराला दोन महिने झाले तेव्हापासून त्यानं एक दिवस चुकवला नव्हता. बुडाचा जास्त लागू पडतो म्हणून तो दगडाला गाल टेकून हात जाईल तितका आत घालायचा. दिवाळीनंतर त्याच्या बोटातली सोन्याची अंगठी पांढरी पडत गेली, थेट चांदीसारखी. सिद्धम्मानं ती आपल्या कपाळाला लावली.

"सोन्याला विभूती लागली बघ, संगू," ती म्हणाली. "स्वामी पावले म्हणायचं."

खुद्द संगमेश्वरला मात्र बरं वाटत नव्हतं. झोप उडाली होती. सही करताना पेन थरथरे. त्याची मोत्यासारखी सही कोंबडीच्या पायांनी काढल्यागत उमटे. दुपारी स्टोअरमध्ये एकटा असला की मागच्या भिंतीपलीकडं कुणीतरी जाड्या मिठावर पाय ठेवत चालल्यासारखं ऐकू यायचं. तो भिंतीला कान लावायचा. मग ते थांबायचं. कान काढला की पुन्हा सुरू. एकदा तर हात भोकात असताना आतून कुणी त्याचं बोट धरल्यासारखं झालं, अगदी हळू, लहान लेकरू धरतं तसं. त्याला भीती वाटली नाही, हीच त्यातली वाईट गोष्ट. उलट त्याला वाटलं, आपली ओळख पटली. त्यानं हे कुणाला सांगितलं नाही.

जानेवारीत दामिनी मॅडम लातूरला आल्या. पहिला दिवस स्टोअरमध्ये गेला. प्रत्येक कपाट उघडून झालं आणि मॅडमनी मान डोलावली. इतकं नीट स्टोअर आपण पाहिलं नाही, म्हणाल्या. संगमेश्वर फुलून गेला. दुसऱ्या दिवशी, बुधवारी, त्यांना आवार बघायचं होतं. तो म्हणाला, मागं काही नाही, एक समाधी आहे. मॅडम म्हणाल्या, तीही बघू.

मॅडम दगडापुढं बराच वेळ उभ्या राहिल्या. कावेरीबाई बाजूला झाडत होत्या. मॅडमनी विचारलं, ही खडीसाखर कधीची. सोमवारची, असं कावेरीबाईंनी सांगितलं. मग मुंग्या कुठं आहेत, मॅडमनी विचारलं.

"स्वामीपुढं मुंगीबी शिस्तीत राहती, बाई," कावेरीबाई म्हणाल्या.

मॅडम हसल्या नाहीत. त्या उकिडव्या बसल्या आणि जमीन बघू लागल्या. संगमेश्वरही बघू लागला, आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा त्याला दिसलं की दगडाभोवती वावभर जागेत काहीच हलत नाही. मुंगी नाही, किडा नाही, कोळ्याचं जाळं नाही. बाभळीची त्या बाजूची फांदी वाळलेली. ऊन डोक्यावर होतं, पलीकडं रस्त्यावर ऑटो ओरडत होते, आणि इथं एवढ्या तुकड्यात कुणीतरी श्वास धरून बसल्यासारखं गप्प होतं. मग मॅडमची नजर त्याच्या हातावर गेली.

"अंगठी चांदीची आहे?"

"सोन्याची. अशी झाली."

"संगमेश्वर, हे कशानं होतं ते तुम्हाला माहीत आहे," त्या हळू आवाजात म्हणाल्या.

त्याला माहीत होतं. सोन्याला पारा लागला की सोनं पांढरं पडतं, हे अकरा वर्षं रसायनं सांभाळणाऱ्या माणसाला कुणी शिकवायला नको. नांदेडला कुणाच्या बोटात अशी अंगठी दिसली असती तर तो दारातूनच ओरडला असता. स्वतःच्या बोटात ती दोन महिने होती आणि त्यानं तिला रोज हात जोडले होते.

माणूस पकडला गेला की आधी चिडतो. संगमेश्वर चिडला. त्याचा आवाज इतका चढला की कावेरीबाईंचा झाडू थांबला. ही आमच्या लोकांची जागा आहे, तिला हात लावायचा नाही, माझं लेकरू आधी सुखरूप येऊ द्या, मग काय खणायचं ते खणा, असं तो म्हणाला. मॅडमनी वाद घातला नाही. हातमोजा घातला, चिमूटभर अंगारा बाटलीत घेतला, आणि तपासणी होईपर्यंत इथं कुणालाही हात घालू देऊ नका, एवढंच सांगितलं. पारा मोजायचं यंत्र लातूरला नव्हतं, नांदेडला होतं. अंगारा घरी जातो हे त्यानं त्यांना सांगितलं नाही. शिकल्यासवरल्या बाईपुढं त्याला ते सांगवेना.

आणि त्या संध्याकाळीही तो पुडी घेऊन गेला. मॅडमचं चुकलं असेल तर एक दिवस अंगारा चुकवल्यानं बाळाचं काय होईल, हा विचार त्याच्या मानगुटीवर बसला होता. मॅडमचं बरोबर असेल तर काय, हा विचार त्यानं अर्ध्यातच सोडला. गुरुवारीही नेली. अक्षरानं नेहमीसारखी पुडी घेतली, कपाळाला लावली आणि स्वयंपाकघरात गेली.

शुक्रवारी सकाळी फोन आला. मॅडमचा आवाज सरळ होता. त्या मातीत पारा आहे, आणि त्याहून वाईट म्हणजे बियाण्याला चोळायचं पाऱ्याचं जुनं औषध आहे, ज्याच्यावर बंदी येऊन जमाना झाला.

"तो अंगारा कुणी पोटात तर घेत नाही ना?"

"घरी देतो," संगमेश्वर म्हणाला.

"कुणाला?"

"मिसेसला. सातवा महिना हाय."

  मॅडम म्हणाल्या, मी निघते.

ते औषध आईच्या पोटातून बाळाच्या मेंदूत जातं, हे त्यानं कधीकाळी डब्यावरच्या कागदात वाचलं होतं. घरी जाताना स्कूटरवर त्याला तेवढीच ओळ दिसत होती. अक्षरा मेथी निवडत बसली होती. त्यानं उभ्या उभ्याच सांगून टाकलं. बसला असता तर सांगता आलं नसतं. अक्षराच्या हातातली जुडी तशीच राहिली. ती त्याच्याकडं बघत राहिली, भूत बघावं तशी. सिद्धम्मा मात्र भडकली. ती नांदेडवाली कोण कुठली, देवाला विष म्हणते, असा तिनं घरात कल्लोळ मांडला. पण दुपारी मॅडम दारात आल्या, आणि त्यांनी सिद्धम्माच्या पाया पडून मग सगळं समजावून सांगितलं, तेव्हा ती भिंतीकडं तोंड करून बसली.

दवाखान्यात सोनोग्राफी झाली. बाळाची वाढ ठीक होती, पण मेंदूचं त्यात कळत नाही, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. रक्त, लघवी आणि मानेजवळचे केस, असं सगळं अक्षराचं घेतलं. केस महिन्याला बोटाच्या अर्ध्या पेराएवढा वाढतो, त्यामुळं कुठल्या महिन्यात किती विष अंगात होतं ते केसाच्या लांबीवरून कळतं, असं मॅडमनी सांगितलं. मग त्या म्हणाल्या, त्याच घरातल्या पण अंगारा न खाल्लेल्या माणसाचंही सगळं घेऊ, तुलनेला बरं. सिद्धम्मा हात लावू देईना.

सकाळपासून गप्प असलेली अक्षरा तेव्हा पहिल्यांदा बोलली. "यांचं घ्या," ती म्हणाली. "यांचं घ्याच."

रक्त देऊन झाल्यावर संगमेश्वरनं स्वतःच्या हातानं दाढीची बट मुळाशी कापली. कातर धरताना हात असा थरथरत होता की मॅडमनी त्याच्याकडं जरा निरखून पाहिलं. पण बाप आहे, हादरलाय, असंच कुणालाही वाटलं असतं.

शनिवारी सकाळी खणायचं ठरलं. दोन्ही प्रयोगशाळांची मिळून सहा माणसं होती, अंगभर पांढरे झगे, तोंडाला मुखवटे. खिंडारापलीकडं गल्ली जमली होती. कुणी दगड उचलायची भाषा करत होतं. साहेब काचेआडून बघत होते. संगमेश्वरनं मुखवटा काढला आणि खिंडारात जाऊन उभा राहिला.

"मी माझ्या बायकोला चारलंय ह्यातलं," तो म्हणाला. "पाच महिने. पोटात लेकरू हाय तिच्या. तुमच्यापैकी कुणी माझ्याइतकं नेलं न्हाई. आता सरका."

लोक सरकले. रागानं सरकलेला माणूस लांब जातो. हे नुसते चार पावलं मागं गेले आणि आपापले हात बघू लागले.

दगड हलवला, वरची फरशी काढली, आणि खाली विटांनी बांधलेला चौकोनी खड्डा निघाला. जाड्या मिठानं आणि राखेनं गच्च भरलेला. मीठ काढत गेले तशी एकेक बाटली वर येऊ लागली. सगळ्या उभ्या, ओळीनं, खांद्याला खांदा लावून बसवलेल्या. प्रत्येकीच्या पोटावर विभूतीचे तीन पट्टे, प्रत्येकीच्या बुडाशी वाळलेलं बेलाचं पान. बसलेल्या माणसांची सभा उघडल्यासारखं वाटत होतं. झग्यातली माणसं नकळत कुजबुजत बोलू लागली. मधोमध पाऱ्याची मोठी बरणी होती, तिची मान मोडलेली. पाच वर्षांत लोकांची बोटं तिथवर पोचली होती. बाजूला औषधाचे डबे गंजून फुटले होते आणि पारा त्या राखेत, मिठात उतरून खड्ड्याच्या बुडाशी गोळा झाला होता. संगमेश्वर वाकला. त्या चकाकत्या डबक्यात त्याला आभाळ दिसलं आणि स्वतःचं तोंड दिसलं, आणि ते तोंड त्याच्या आधी किंचित हललं, अशी त्याची खात्री पटली. तो मागं सरकून खाली बसला.

बाटल्यांच्या मागं प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला पुठ्ठा होता. मडिवाळप्पाचं अक्षर. कुठली बाटली कशाची ते ओळीनं लिहिलेलं, आणि खाली चार वाक्यं. हे नीट नेऊन संपवावं म्हणून साहेबांना तीनदा लिहून दिलं, उत्तर नाही. नाल्यात ओता म्हणाले, मला ओतवेना. धोक्याची पाटी लावली तर पत्रा म्हणून चोरीला जाते, म्हणून दगडाला विभूती लावली. म्हणजे कुणी उकरणार नाही. संगमेश्वरला त्या म्हाताऱ्याचा राग यायला हवा होता. आला नाही. राग आला तो काचेआडच्या माणसांचा, त्या तीन अर्जांवर बसलेल्यांचा, आणि अकरा वर्षं भिंतीच्या या बाजूला अभिमान मिरवणाऱ्या स्टोअरकीपरचा.

दोन दिवसांत खड्डा रिकामा झाला. प्रत्येक बाटलीवर नाव आलं, सगळं पिंपात बंद होऊन गेलं. अंगारा नेणाऱ्या सगळ्यांची तपासणी मॅडमनी दोन्ही प्रयोगशाळांच्या माणसांकरवी लावून दिली. कावेरीबाई नातीला घेऊन पहिल्या नंबरला उभ्या होत्या.  घरात अक्षरा मात्र जेवत नव्हती. एकच गोष्ट ती सारखी म्हणायची, तुम्हीपण डॉक्टरला दाखवा. तो म्हणायचा, माझं सोड. भिंतीपलीकडची पावलं आता त्याला घरीही ऐकू येत होती.

बुधवारी दुपारी मॅडम स्वतः आल्या. फोन केला नाही, यावरूनच संगमेश्वरनं वाईट धरलं. त्या खुर्चीच्या कडेवर बसल्या, पाणीसुद्धा घेतलं नाही.

"अक्षरा स्वच्छ आहे," त्या म्हणाल्या. "रक्त, लघवी, केस, सगळं. कुठल्याही बाईत सापडेल त्यापेक्षा कणभर जास्त नाही. बाळाला काही पोचलेलं नाही."

संगमेश्वरला ते कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. सिद्धम्मा आतून धावत बाहेर आली. पण मॅडम अजून बोलत होत्या. दाढीच्या केसात मुळापासून टोकापर्यंत पारा होता, महिन्यागणिक वाढत गेलेला. रक्तात इतका की त्यांनी दोनदा तपासून पाहिलं, नमुने एकमेकांत गेले की काय म्हणून. गेले नव्हते. उद्याच्या उद्या दवाखान्यात भरती व्हायला हवं. अंगातला पारा काढायचं औषध मिळतं, पण डोक्यात आणि हातापायांत गेलेलं किती भरून येईल ते आज कुणालाच सांगता येणार नाही. मॅडमनी अक्षराकडं पाहिलं, मग उठल्या आणि सिद्धम्माला हाताला धरून बाहेर ओट्यावर घेऊन गेल्या.

घरात दोघंच राहिली. अक्षरा जमिनीकडं बघून बोलू लागली. पहिल्याच दिवशी ते पोटात ठरलं नव्हतं, उलटून पडलं. दुसऱ्या दिवशीही. ओकारीबरोबर बाळ जाईल अशी भीती वाटली. टाकावं तर देवाचं, कसं टाकायचं. आत्याबाईंना सांगावं तर त्या म्हणणार, हिच्या पोटाला देवसुद्धा चालत नाही. मग तिला आत्याबाईंचंच बोलणं आठवलं, नवऱ्यानं पाळलेलं बाळाला लागतं. म्हणून ती रोज रात्री पुडी त्याच्या वरणात सोडायची. त्याच्याच वाटीत.

"रोज?" त्यानं विचारलं.

"रोज."

आपल्याला राग येईल असं त्याला वाटलं होतं. पण आत नुसता आनंदच उसळत होता, वेडा आनंद, की एवढी जहरी पुडी पाच महिने घरात आली आणि बाळाच्या वाटेला गेलीच नाही. त्याच्या मागोमाग भीती आली. थरथरणारे हात, उडालेली झोप, मिठावरची ती पावलं, आत धरलेलं बोट. ते कुणाचंच नव्हतं तर. तिथं कुणी नव्हतं. हे कळल्यावर त्याला हायसं वाटायला हवं होतं, आणि त्याला फार एकटं वाटलं.

अक्षरा रडत नव्हती. रडायच्या पलीकडं गेली होती.

"तुम्हाला कधी चव लागली न्हाई का हो?" तिनं विचारलं.

लागायची. तांब्याचा पैसा जिभेवर धरल्यासारखी, रोज, पहिल्या घासापासून. त्यानं खोटं बोलायचा विचार केला, पण जमलं नाही.

"लागायची."

"मग बोलला का न्हाई?"

"तू एवढ्या त्रासात उभं राहून करतीस," तो म्हणाला. "वरणाला काय नावं ठेवायची."

तिनं आता वर पाहिलं. "तुम्ही तर मागून घेत होता. वाटी पुसून खात होता."

"व्हय," संगमेश्वर म्हणाला. "तुला बरं वाटायचं."